माळ्यावरची क्रिकेट-कार्डं: किंमत कशी काढायची आणि ऑनलाइन कशी विकायची

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून बुटांचा खोका खाली येतो. आत रबर लावलेले गठ्ठे असतात: आयपीएलची कार्डं, डब्ल्यूडब्ल्यूईचे पैलवान, फुटबॉलवाले, तळाशी बबलगमबरोबर मिळालेला कपिल देव. पाठोपाठ प्रश्न येतो, याचे किती येतील? ऑगस्ट २०२२ मध्ये मिकी मँटल या बेसबॉलपटूचे टॉप्स कंपनीचे १९५२ चे कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले, ती बातमी बहुतेकांच्या डोक्यात असते. ती आधी डोक्यातून काढा. तुमच्या खोक्यातली मूठभर कार्डं सुटी विकण्याजोगी निघतील, बाकीची वजनावारी नाही तरी गठ्ठ्याने जातील. ती मूठभर कोणती हे ओळखणे, हेच यातले खरे काम आहे. फोटो, जाहिरात, कुरिअर या गोष्टी त्यामानाने सोप्या.

काय काय लागेल

- घड्याळजी वापरतात तसले दहापट भिंग
- मिलिमीटरची पारदर्शक पट्टी
- पांढरा प्रकाश देणारा, मान वळवता येणारा टेबल-लॅम्प
- मऊ प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्या (कार्डवाले यांना पेनी स्लीव्ह म्हणतात) आणि कडक प्लॅस्टिकचे टॉपलोडर
- नऊ कप्प्यांची पाने असलेली फाइल. पाने घेताना ‘पीव्हीसी नसलेली’ अशीच मागा
- वही किंवा एक्सेल
- भिंतीच्या रंगकामात लावतात तो कागदी मास्किंग टेप, जाड पुठ्ठा, बबल रॅप

पुठ्ठा, बबल रॅप, टेप पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत मिळेल. फाइल आणि स्टेशनरीसाठी अप्पा बळवंत चौक. स्लीव्ह आणि टॉपलोडर मात्र स्टेशनरीच्या दुकानात शोधत बसू नका, ते पोकेमॉन वगैरे कार्डं विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांतून मागवावे लागतात. टॉपलोडर घेताना जाडी बघा. साधे कार्ड ३५ पॉइंटच्या टॉपलोडरमध्ये बसते (एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग). चकचकीत जाड कार्डाला ५५ किंवा ७५ लागतो, जर्सीचा तुकडा चिकटवलेल्याला १३० किंवा त्याहून जास्त.

१. आधी काहीही पुसू नका

सर्वाधिक नुकसान पहिल्या अर्ध्या तासात होते, आणि तेही कौतुकाने. ओले फडके, कोलीन, खोडरबर यांतले काहीही कार्डाला लावायचे नाही. कोपरा वाकलाय म्हणून इस्त्री फिरवायची नाही. धूळ असेल तर कोरड्या, मऊ ब्रशने हलकेच झटका, एवढेच.

हात धुऊन कोरडे करा. रबर ओढून काढू नका. जुने रबर वितळून कडेला चिकटलेले असते, ते कात्रीने कापा. पावसाळ्यात माळ्यावर ओल धरलेली चकचकीत कार्डं एकमेकांना चिकटून वीट झालेली असतात. ती नखाने सोडवायला गेलात तर एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीवर येईल. तो गठ्ठा तसाच बाजूला ठेवा. सुटला तर वरकमाई, नाही सुटला तर तो आधीच गेलेला होता. फोटोंच्या चिकट पानांच्या अल्बममधल्या कार्डांनाही हेच लागू: पानासकट कापून काढा, सोलू नका.

२. कार्ड ओळखा: पुढे चेहरा, मागे जन्मपत्रिका

नवखा माणूस खेळाडूचे नाव वाचून थांबतो. पण ‘सचिनचे कार्ड’ या शब्दांना बाजारात काही अर्थ नाही. कंपनी, वर्ष, संच, कार्ड क्रमांक आणि प्रकार ही पाच माहिती जुळली तरच किंमत शोधता येते.

यातले जवळपास सगळे कार्डाच्या मागे असते. तळाच्या बारीक ओळीत कंपनीचे नाव आणि वर्ष, कोपऱ्यात क्रमांक. वर्ष नसेल तर आकडेवारी वाचा. शेवटचा जो हंगाम दिलाय, कार्ड बहुधा त्याच्या पुढच्या वर्षाचे. प्रकार म्हणजे साधे, चंदेरी, सोनेरी, सही असलेले, की क्रमांकित. कार्डावर ‘२३/९९’ असे छापलेले दिसले तर ते ९९ पैकी २३ वे. अशी कार्डं ताबडतोब वेगळी काढा.

पुण्यातल्या घरांत साधारण हे प्रकार निघतात:

बबलगमची कार्डं. बिग फनची, मागे रन किंवा विकेट छापलेली. आकार आजच्या कार्डांसारखा नाही, तेव्हा मोजल्याशिवाय स्लीव्ह घेऊ नका. आठवणींवर चालणारा हा बाजार आहे. गिऱ्हाईक भारतातच आणि बहुतेक चाळिशीच्या पुढचे.

ट्रम्प कार्डं. पूर्ण कॅट आणि डबी असेल तरच विचारतात. एक पत्ता कमी पडला की भाव कोसळतो, म्हणून आधी मोजा.

टॉप्सची क्रिकेट अटॅक्स (आयपीएलची) आणि स्लॅम अटॅक्स (डब्ल्यूडब्ल्यूईची), पानिनीची फुटबॉल कार्डं. खोक्यातला मोठा भाग हाच. साधी कार्डं ढिगाने छापलेली आहेत. शोधायचे ते खेळाडूचे पहिल्या काही वर्षांतले कार्ड, लिमिटेड एडिशन आणि पूर्ण भरलेला अल्बम. २०११ ते २०१३ च्या पुणे वॉरियर्सची कार्डं असतील तर ती आपल्या शहरात लवकर उचलली जातात. बाहेर त्यांना तेवढी ओढ नाही.

अमेरिकेतल्या काकांनी पाठवलेली. बेसबॉल किंवा बास्केटबॉल. १९८० च्या दशकाची अखेर ते १९९० च्या दशकाची सुरुवात या काळात तिथे एवढी कार्डं छापली गेली की संग्राहक त्या काळाला कचऱ्याचाच काळ म्हणतात. चाळीस वर्षे जुने म्हणजे दुर्मीळ, हे समीकरण इथे साफ खोटे ठरते. अपवाद आहेत, उदाहरणार्थ १९८६-८७ चे फ्लीअर कंपनीचे मायकेल जॉर्डन, क्रमांक ५७. आणि नेमक्या याच कार्डाच्या नकला सर्वात जास्त.

सिगारेट कार्डं. आजोबांच्या पेटीतली, विल्स किंवा जॉन प्लेअर अँड सन्सची. प्लेअरचा १९३८ चा क्रिकेटपटूंचा संच ५० कार्डांचा आहे. ही पूर्ण संचात विकावीत, आणि एका अटीवर: अल्बममध्ये डिंकाने चिकटवलेली नसावीत.

अस्सल-नक्कल ओळखायला भिंग घ्या. छापील चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची नक्षी असते, ते ठीक. पण खेळाडूचे नाव, क्रमांक, काळी चौकट यांवर भिंग ठेवा. अस्सल छपाईत काळी अक्षरे बहुधा सलग, कडेला धारदार दिसतात. स्कॅन करून पुन्हा छापलेल्या कार्डात तीच अक्षरे ठिपक्यांनी बनलेली आणि कडेला फुटलेली दिसतात. शंका आली तर त्याच संचातले एक स्वस्त कार्ड शेजारी ठेवून जाडी, पाठीचा पांढरेपणा आणि लांबी-रुंदी ताडून पाहा. प्रमाण आकार ६३.५ बाय ८८.९ मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर जरी कमी भरले तरी कुणीतरी मळकी कड ब्लेडने कापली असण्याची शक्यता धरा.

३. तीन ढीग करा

पहिला ढीग सुटी विकायची: क्रमांकित, सही असलेली, मोठ्या खेळाडूंची सुरुवातीच्या वर्षांतली. दुसरा ढीग संच आणि संघवार गठ्ठ्यांचा. तिसरा उरलेल्यांचा. पहिला ढीग खोक्याच्या विसाव्या हिश्श्याहून मोठा झाला तर तुम्ही प्रेमात पडून निवड करताय, पुन्हा बसा.

इथे मन आणि बाजार यांची फारकत होते. २९ फेब्रुवारी १९९६ ला स्वारगेटच्या नेहरू स्टेडियममध्ये केनियाने वेस्ट इंडिजला लोळवले. तो सामना पाहिलेल्या पुणेकराला केनियाचा कर्णधार मॉरिस ओदुंबेचे कार्ड लाखमोलाचे वाटेल. ते विकू नये, फाइलमध्ये ठेवावे.

४. अवस्था तपासा

एकच कार्ड, त्याच खेळाडूचे, पण अवस्थेनुसार भाव दहापट बदलू शकतो. तपासायच्या चारच जागा: मध्य, कोपरे, कडा, पृष्ठभाग.

मध्य साधायला पट्टी लावा. समजा डावी चौकट ३ मिलिमीटर आणि उजवी २. दोन्ही मिळून ५, म्हणजे प्रमाण ६०/४०. उघड्या डोळ्यांना हे कार्ड अगदी मधोमध वाटेल. पण पीएसएच्या (कार्ड तपासून १ ते १० गुण देणारी ग्रेडिंग कंपनी, पाहा मुद्दा ६) १० गुणांसाठी पुढची बाजू साधारण ५५/४५ च्या आत लागते (मागच्या बाजूला ७५/२५ पर्यंत चालते). म्हणजे कोपरे कितीही कोरे असले तरी हे कार्ड दहावर जाणार नाही. एका मिलिमीटरचा खेळ. वर-खालची चौकटही अशीच मोजा. ती बरेच जण विसरतात.

कोपरे भिंगाखाली, गडद कापडावर ठेवून पाहा. टोकाला पांढरा कापूस फुटल्यासारखा दिसला तर कोपरा गेला. कडेला रंग उडून पांढरे टिपके दिसतात. अटॅक्सची कार्डं शाळेच्या मधल्या सुट्टीत फरशीवर आपटून खेळलेली असतात, त्यांच्या खालच्या कडेवर हे हमखास सापडतात. पृष्ठभागासाठी लॅम्प एका बाजूने तिरपा ठेवा आणि कार्ड हळूहळू कलते करा. समोरून न दिसणारे ओरखडे, बोटांचे ठसे, दाब पडल्याची रेघ, सगळे त्या तिरप्या उजेडात वर येते. पेनाने केलेली खूण, पाठीवर लिहिलेले स्वतःचे नाव किंवा सुरकुती असेल तर ‘मिंट’ (कोरे करकरीत) हा शब्द विसरा.

जे दिसले ते कार्डाच्या क्रमांकापुढे वहीत लिहा. जाहिरात करताना याच ओळी कामी येतात.

५. किंमत: मागितलेली नव्हे, मिळालेली

ईबेवर कुणीतरी धोनीचे कार्ड ५०,००० ला लावलेले असते. लावणाऱ्याचे काय जाते? ते तिथे तीन वर्षे पडून असेल. पाहायचे ते विकले गेलेले व्यवहार. ईबेवर शोध घेऊन गाळणीत (फिल्टरमध्ये) ‘सोल्ड आयटम्स’वर खूण करा. साध्या शोधात साधारण गेल्या ९० दिवसांचे व्यवहार दिसतात.

कंपनी, वर्ष, संच, क्रमांक घालून शोधा. तुमच्यासारख्याच अवस्थेचे किमान तीन व्यवहार काढा. सर्वात चढा आणि सर्वात पडेल भाव सोडून द्या, मधला धरा. ग्रेडिंग झालेल्या कार्डाचा भाव तुमच्या सुट्या कार्डाला लावू नका. नवख्यांची ही चूक नंबर एक. दुसरी चूक म्हणजे खोडलेली किंमत खरी धरणे. घासाघीस करून ठरलेल्या व्यवहारात ईबे मूळ किंमत खोडून दाखवते, प्रत्यक्षात सौदा त्याहून खाली तुटलेला असतो. तो आकडा ‘१३० पॉइंट’ या संकेतस्थळावर बहुधा सापडतो.

बिग फन किंवा क्रिकेट अटॅक्सचे पुरेसे व्यवहार ईबेवर नसतात. त्यासाठी फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरचे भारतीय संग्राहकांचे गट दोन-तीन आठवडे नुसते वाचा. कोणता लॉट (एकत्र विकायला काढलेला गठ्ठा) ‘सोल्ड’ झाला, किती वेळात झाला, टिपून ठेवा. परदेशातला भाव रुपयात आणताना टपालखर्च, संकेतस्थळाचे शुल्क आणि चलनबदलाचा कट वजा करा, मगच इथल्या गिऱ्हाइकाला आकडा सांगा.

वेळही बघा. आयपीएल सुरू असताना क्रिकेटच्या कार्डांना विचारणा वाढते. शतक ठोकल्याच्या दुसऱ्या दिवशी विकावे, पंधरा दिवसांनी नाही.

६. ग्रेडिंग करावे का?

ग्रेडिंग म्हणजे कंपनी कार्ड तपासते, १ ते १० गुण देते आणि कडक प्लॅस्टिकच्या पेटीत सीलबंद करते. त्या पेटीला स्लॅब म्हणतात. पीएसए (१९९१ पासून), बेकेट, एसजीसी, सीजीसी ही मोठी नावे, सगळी अमेरिकी. भारतातून कार्ड पाठवायचे म्हणजे जाण्या-येण्याचे टपाल, विमा, ग्रेडिंग शुल्क, मध्यस्थ असेल तर त्याचे पैसे, आणि परत येताना कस्टम्स. ही शेवटची रक्कम लोक हिशेबात धरत नाहीत आणि पार्सल हातात पडायच्या वेळी दचकतात.

गणित असे मांडा (आकडे फक्त उदाहरणाला). सुटे कार्ड ४,००० ला जाते. दहा गुण मिळाले तर १८,०००, नऊ मिळाले तर ६,०००. सगळा खर्च ५,०००. तुमच्या अंदाजाने चारपैकी एकदा दहा मिळतील, तीनदा नऊ. सरासरी विक्री ९,०००, खर्च वजा जाता ४,०००. म्हणजे सुटे विकले असते तेवढेच, वर महिनोन्‌महिने वाट पाहणे आणि टपालात हरवण्याची धास्ती. बहुसंख्य आयपीएल कार्डांसाठी उत्तर ‘नको’ असेच येते.

स्लॅबमधले कार्ड तुमच्याकडे आधीच असेल तर त्यावरचा प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. नकली स्लॅबही मिळतात, म्हणून नुसता क्रमांक नव्हे, तिथला फोटोही जुळवा.

७. कुठे विकायचे

ईबे डॉट इन हे भारतीय दुकान ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले. भारतातून आता जागतिक ईबेवर विकता येते, पण ते निर्यातीचे काम आहे: पॅन, बँक खाते, परदेशातले पैसे घेण्यासाठी पेओनिअरचे खाते, आणि नियमित विक्री करणार असाल तर आयईसी म्हणजे आयात-निर्यात क्रमांक (डीजीएफटी या केंद्राच्या विदेश व्यापार कार्यालयाकडे अर्ज, शुल्क ५०० रुपये). दहा-बारा चांगली परदेशी कार्डं असतील तरच ही यातायात परवडते.

क्रिकेट आणि बबलगमच्या कार्डांसाठी फेसबुक-इन्स्टाग्रामचे गट बरे. गिऱ्हाईक जाणकार असते, शुल्क नसते. मात्र भांडण झाले तर मध्ये कुणी नसते. ओएलएक्सवर तिसरा ढीग लावा, पण तिथे ‘दादा, फायनल किती?’ यापलीकडे संवाद जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरून भाव विचारायला हरकत नाही. तिथला माणूस पुढे विकायला घेतो, त्यामुळे तो निम्मी किंमतही देणार नाही, आणि त्याच्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही दिली नसतीत.

८. फोटो आणि मजकूर

कार्ड स्लीव्हमधून काढून, गडद पार्श्वभूमीवर, खिडकीच्या उजेडात फोटो घ्या. फ्लॅश नको. पुढचा, मागचा, चारही कोपऱ्यांचे जवळून, आणि दोष असेल त्या जागेचा वेगळा. सोबत चिठ्ठीवर तुमचे नाव आणि तारीख लिहून ती फोटोत ठेवा. गटांत याशिवाय विश्वास बसत नाही, आणि तुमचा फोटो चोरून दुसरा कुणी विकायला निघाला तर तीच चिठ्ठी कामी येते.

मजकूर असा: ‘टॉप्स क्रिकेट अटॅक्स, अमुक हंगाम, कार्ड क्रमांक अमुक, सोनेरी. डाव्या खालच्या कोपऱ्यावर पांढरा टिपका, मागे हलका ओरखडा. किंमत ६००, स्पीड पोस्ट वेगळे. पाठवल्यानंतर परत घेणार नाही.’ ‘रेअर’, ‘कडक’, ‘मिंट’ हे शब्द टाळलेले बरे. दोष आधीच सांगितला की नंतरची कटकट वाचते.

लॉट बांधताना चाळीस फालतू कार्डांत एक चांगले घालून भाव वाढवू नका. जाणकार त्या एकाचाच भाव देतो, वर चाळिसांचे टपाल तुमच्या माथी. संघवार किंवा हंगामवार गठ्ठे बांधा, डबल काढून टाका.

९. पैसे: इथे फसतात

- पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. समोरचा ‘मी आर्मीत आहे, हा कोड स्कॅन करा, पैसे जमा होतील’ म्हणाला की संभाषण तिथेच संपवा.
- पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसल्यावरच ‘सोल्ड’ लिहा.
- ‘चुकून ५,००० ऐवजी १५,००० पाठवले, उरलेले परत करा’ असा फोन आला तर आधी खाते तपासा.
- ‘कार्ड आधी पाठवा, बघून पैसे देतो’ याला नकार. फार तर व्हिडिओ कॉलवर कार्ड दाखवा.
- परदेशी गिऱ्हाईक ‘ईबेच्या बाहेर करू, स्वस्त पडेल’ म्हणाले तर त्यात तुमचे संरक्षण जाते.

फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सर्वाधिक. प्रत्यक्ष भेटायचे असेल तर घरी बोलावू नका. दिवसाढवळ्या, वर्दळीच्या जागी भेटा. जिल्हा न्यायालय मेट्रो स्थानक दोन्ही मार्गांवरून येणाऱ्याला सोयीचे आहे.

१०. पॅकिंग आणि टपाल

क्रम पक्का ठेवा. कार्ड स्लीव्हमध्ये, स्लीव्ह टॉपलोडरमध्ये, टॉपलोडरच्या तोंडावर मास्किंग टेप. सेलोटेप लावू नका. तो काढताना डिंक उरतो आणि गिऱ्हाईक चाकू लावते. टेपचे एक टोक दुमडून ठेवलेत तर उघडणाऱ्याला पकड मिळते. टॉपलोडर छोट्या प्लॅस्टिक पिशवीत, मग दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. पुठ्ठे कार्डापेक्षा चारही बाजूंनी एक-दोन सेंटिमीटर मोठे हवेत. वर बबल रॅप, मग खोका. जून ते सप्टेंबर बाहेरून आणखी एक प्लॅस्टिकचे पाकीट चढवा, कुरिअरची पिशवी दुचाकीवर भिजते. खोका हलवून बघा. आत खुळखुळ आवाज आला तर पुन्हा उघडा.

पॅकिंगचा सलग व्हिडिओ काढा: कार्ड पुढून-मागून, मग खोका, मग पत्ता. ‘दुसरेच कार्ड आले’ या तक्रारीला तेवढे एकच उत्तर आहे.

टपालात रजिस्टर्ड पोस्टची सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली, त्यामुळे स्पीड पोस्टच करा. साधू वासवानी चौकातले जीपीओ किंवा लक्ष्मी रस्त्यावरचे सिटी पोस्ट सोयीचे. महाग कार्डाला विमा मागा, काउंटरवर आपणहून कुणी विचारत नाही. पावतीवरचा क्रमांक (दोन अक्षरे, नऊ आकडे, शेवटी आयएन) त्याच दिवशी गिऱ्हाइकाला पाठवा.

परदेशी पार्सलला कस्टम्सचा फॉर्म लागतो. त्यात खरी किंमत लिहा. ‘गिफ्ट लिहा, कर वाचेल’ अशी गळ हमखास घातली जाते, पण पार्सल हरवले तर भरपाई लिहिलेल्या किमतीवरच ठरते. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवली, म्हणून तिकडची ऑर्डर घेण्याआधी त्या आठवड्याचा नियम आणि दर काउंटरवर विचारा. शंभर वर्षांहून जुने काही असेल तर ते परदेशी पाठवण्याआधी १९७२ च्या पुरावशेष कायद्याची बंधने तपासा.

११. वही चालू ठेवा

तारीख, कार्ड, मिळालेली रक्कम, टपालखर्च, पावतीचा क्रमांक, गिऱ्हाइकाचे खाते. एका माणसाने एक खोका विकणे आणि दर महिन्याला लॉट घेऊन पुढे विकणे या कराच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या वाटेने निघालात तर जीएसटी आणि आयकराचे सीएला आधी विचारा, मार्चअखेर नको.

न विकलेली कार्डं पुन्हा माळ्यावर टाकू नका. स्लीव्हमध्ये घाला, फाइल उभी ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि कपाटात ठेवा, डांबरगोळ्यांपासून लांब.